स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचा रोम: दिनदर्शिका काढणाऱ्यांना खुले पत्र

मराठी दिनदर्शिका काढणाऱ्या सर्व प्रकाशकांना आणि संपादकांना,

सप्रेम नमस्कार.

आमच्या स्वयंपाकघरात ओट्याशेजारच्या भिंतीवर एक जुना खिळा आहे. गेली चाळीस वर्षे त्याच्यावर तुमच्यापैकी कुणाची ना कुणाची दिनदर्शिका टांगलेली असते. सासूबाई तिच्यावर दुधाचे खाडे मांडायच्या. मी गॅस सिलिंडर लावल्याची तारीख, भिशीचा हप्ता, कामाच्या मावशींना दिलेली उचल असे सगळे तिच्यावरच लिहीत आले. संकष्टीचा चंद्रोदय बघायचा असो की मुलीची परीक्षा कुठल्या वारी आहे ते, पहिली नजर त्या भिंतीकडे जाते. मी शाळेत तीस वर्षे इतिहास शिकवला. वर्गातल्या पुस्तकापेक्षा या कागदावर घरातली जास्त माणसे रोज विश्वास ठेवतात, हे मला चांगले ठाऊक आहे. म्हणूनच हे पत्र तुम्हाला लिहिते आहे.

गेली काही वर्षे मोबाइलवर एक मजकूर फिरतो आहे. सप्टेंबर म्हणजे सप्तांबर, ऑक्टोबर म्हणजे अष्टांबर, नोव्हेंबर म्हणजे नवांबर आणि डिसेंबर म्हणजे दशांबर. अंबर म्हणजे आकाश. तेव्हा ही नावे मूळची आपलीच, इंग्रजांनी उचललेली. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनीच मला तो पाठवला. त्यांतल्या दोघा-तिघांनी खाली विचारले होते, "बाई, हे खरं आहे का?" त्यांना उत्तर लिहिताना जाणवले, की खरी गोष्ट या बनवलेल्या गोष्टीपेक्षा कितीतरी सुरस आहे आणि तरी ती घरातल्या एकाही कागदावर छापलेली नाही. तुमच्या बारा पानांच्या मागे पाककृती असतात, राशिभविष्य असते, आरोग्याचा सल्ला असतो. तिथे थोडी जागा या गोष्टीला द्या, एवढेच मागणे आहे. ती का द्यावी, ते सविस्तर सांगते.

सप्टेंबर आणि सप्त यांचे नाते आहे, यात शंका नाही. पण ते बहिणी-बहिणींचे आहे. लॅटिनमध्ये सात म्हणजे सेप्टेम, आठ म्हणजे ऑक्टो, नऊ म्हणजे नोवेम आणि दहा म्हणजे डेकेम. लॅटिन आणि संस्कृत या दोघी एकाच जुन्या भाषेच्या लेकी, म्हणून त्यांचे आकडे एकमेकींसारखे दिसतात. एकीने दुसरीकडून चोरायचे काही कारणच नव्हते. मग सातवा म्हणवणारा महिना नववा कसा? रोमन परंपरा सांगते, की रोमचा पहिला राजा रोम्युलस याच्या काळी वर्ष मार्चला सुरू व्हायचे आणि त्याचे महिने दहाच होते, एकूण ३०४ दिवसांचे. हिवाळ्याचे दिवस कुठल्याच महिन्यात मोजत नसत. नंतर न्युमा राजाने जानेवारी आणि फेब्रुवारी ही भर घातली. मार्च पहिला धरून बोटे मोजा, सप्टेंबर बरोबर सातवा येतो.

मार्च हा मार्सचा महिना. मार्स युद्धाचा देव आणि रोम्युलसचा बाप. थंडी सरली, रस्ते मोकळे झाले की रोमचे सैन्य बाहेर पडायचे, म्हणून वर्षाच्या तोंडाशी हा देव. आता आपल्याकडचा दसरा आठवा. पाऊस सरला, नद्या उतरल्या, की सीमोल्लंघन करून मराठ्यांच्या मोहिमा निघत. त्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमीला शस्त्रांची पूजा. रोममध्येही शस्त्रांचा असा दिवस होता, आर्मिलुस्ट्रियम नावाचा, १९ ऑक्टोबरला. म्हणजे बहुधा आपल्या दसऱ्याच्या मागेपुढेच. फक्त त्यांची मोहीम तेव्हा संपलेली असायची. शस्त्रे शुद्ध करून ते हिवाळ्यासाठी ठेवून देत. आपण त्याच सुमारास ती पुजून बाहेर काढत होतो. एकाच महिन्यात दोन समाजांनी शस्त्रांपुढे हात जोडले, एकाने घरी परतल्यावर आणि एकाने घर सोडताना, आणि दोन्हींचे कारण हवामान. मी हे सातवीच्या वर्गात सांगायचे तेव्हा मागच्या बाकावरची मुलेही मान वर करायची.

जानेवारी जेनसचा. जेनस म्हणजे दाराचा देव, एक तोंड आत आणि एक बाहेर. रोममध्ये त्याच्या देवळाचे दरवाजे युद्धाच्या काळात उघडे ठेवत आणि सगळीकडे शांतता झाली की बंद करत. आपल्या कारकिर्दीत ते तीनदा बंद झाले, असे रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस याने स्वतः नोंदवून ठेवले आहे. १ जानेवारीला नवे वर्ष धरण्याची सुरुवात मात्र कोण्या सणातून झालेली नाही. रोमचे वर्षभरासाठी निवडलेले दोन सर्वोच्च अधिकारी, म्हणजे कॉन्सल, पूर्वी १५ मार्चला पद घ्यायचे. इसवी सनापूर्वी १५३ साली हिस्पानियात, म्हणजे आजच्या स्पेनमध्ये युद्ध उभे राहिले आणि कॉन्सलना लवकर रवाना करायची गरज पडली. म्हणून त्यांचा पदग्रहणाचा दिवस १ जानेवारीवर आणला, आणि तो तिथेच राहिला.

फेब्रुवारी हा माझा सर्वांत आवडता, कारण त्याच्यात आपल्याला ओळखीचे खूप काही सापडते. फेब्रुआ म्हणजे शुद्धीची साधने. जुन्या वर्षाचा हा शेवटचा महिना, घर आणि गाव शुद्ध करण्याचा आणि पितरांना आठवण्याचा. १३ ते २१ फेब्रुवारी हे त्यांचे पितरांचे दिवस, त्यांना पॅरेंटालिया म्हणत. लोक गावाबाहेर थडग्यांपाशी जाऊन धान्य, मीठ, दारूत भिजवलेला पाव, फुले ठेवत. त्या दिवसांत लग्ने होत नसत, देवळे बंद असत. पितृपक्ष पाळणाऱ्या घराला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. मग २३ तारखेला टर्मिनस या देवाचा सण. टर्मिनस हा शिवेचा देव. दोन शेतांच्या मधल्या दगडाला दोन्हीकडचे शेतकरी हार घालत आणि एकत्र जेवत. मुंबईत आपण दिवसातून दहा वेळा त्याचे नाव घेतो. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, लोकमान्य टिळक टर्मिनस. गाडी जिथे संपते ती शीव, आणि तिला नाव शिवेच्या देवाचे.

लीप वर्षाचा जादा दिवस फेब्रुवारीतच का येतो, याचेही उत्तर इथेच आहे. वर्ष तिथे संपत होते, म्हणून दुरुस्तीही तिथेच. पूर्वी ही दुरुस्ती एका दिवसाची नसून अख्ख्या महिन्याची असे. रोमनांचे वर्ष ३५५ दिवसांचे होते, त्यामुळे ऋतूंशी मेळ बसवायला २३ फेब्रुवारीच्या सुमारास एक जादा महिना घालावा लागे. आपल्याकडे धोंड्याचा महिना येतो, जावयाला अनारशांचे वाण जाते, तसलाच हा प्रकार. पण आपला अधिकमास गणिताने ठरतो. ज्या चांद्रमासात सूर्याची संक्रांत होत नाही तो अधिक; कुणाच्या मर्जीचा प्रश्न नाही. रोममध्ये जादा महिना घालायचा की नाही हे पुरोहितमंडळ ठरवी आणि त्या मंडळात राजकारणी माणसे बसत. आपला माणूस पदावर असेल तर वर्ष लांबवता येई, विरोधक असेल तर आखडता येई. यादवी युद्धांच्या धामधुमीत तर ते घालायचेच राहून गेले आणि तारखा ऋतूंपासून जवळपास तीन महिने सरकल्या.

ज्युलियस सीझर स्वतः मुख्य पुरोहित होता. इसवी सनापूर्वी ४६ साली त्याने एकदम ९० दिवस घालून ते वर्ष ४४५ दिवसांचे केले आणि पुढच्या वर्षापासून ३६५ दिवस आणि दर चौथ्या वर्षी एक जादा दिवस अशी पद्धत लावली. गणित अलेक्झांड्रियाच्या सोसिजेनिसचे. दोन वर्षांनी सीझरचा खून झाला आणि पुरोहितांनी 'दर चौथ्या वर्षी' याचा अर्थ तिसऱ्या वर्षी असा लावला. ही चूक मराठी माणसाला चटकन कळेल. आपण सोमवारी कुणाला "आठ दिवसांनी या" म्हणतो, तेव्हा तो पुढच्या सोमवारीच येतो. सात दिवसांच्या मुदतीला आपण आठवडा म्हणतो, कारण आजचा दिवसही धरून मोजतो. रोमनही असेच मोजत. त्यामुळे ३६ वर्षांत ९ ऐवजी १२ जादा दिवस पडले आणि ऑगस्टसला काही लीप वर्षे गाळून हिशेब सरळ करावा लागला.

जुलै आणि ऑगस्ट ही नावे या दोघांचीच. त्याआधी त्या महिन्यांना पाचवा आणि सहावा एवढेच म्हणत. आपला महिना जुलैपेक्षा लहान नको म्हणून ऑगस्टसने फेब्रुवारीचा एक दिवस काढून घेतला, अशी एक गोष्ट मुलांना अजून सांगितली जाते. मीही नोकरीच्या पहिल्या वर्षांत ती सांगितली आहे. ती खोटी आहे, तेराव्या शतकातल्या एका ग्रंथातून पसरलेली. सीझरच्या पद्धतीतच तो महिना ३१ दिवसांचा होता. कृपा करून ती छापू नका.

पुढच्या सम्राटांनीही आपली नावे महिन्यांना चिकटवून पाहिली. नीरोने एप्रिल घेतला, डोमिशियनने सप्टेंबर आणि ऑक्टोबर, कमोडसने तर बाराही महिने. माणूस मेला की नाव पुसले गेले. टायबेरियसला सिनेटने असा मान देऊ केला, तेव्हा तेरा सीझर, म्हणजे तेरा सम्राट, झाले तर काय कराल, असे विचारून त्याने तो नाकारला. मला या माणसाबद्दल फारसे प्रेम नाही, पण हा त्याचा शहाणपणा नोंदवण्यासारखा आहे.

रोम पडले तरी महिने राहिले, आणि पुढच्या कितीतरी समाजांना त्यांचे काय करायचे हा प्रश्न पडला. शार्लमेनने फ्रँक लोकांसाठी स्वतःच्या भाषेतली नावे ठरवली. पोलिश लोक अजून नोव्हेंबरला लिस्तोपाद म्हणतात, म्हणजे पानगळ. क्रोएशियात तोच शब्द ऑक्टोबरसाठी आहे, कारण प्रत्येक मुलखाची पानगळ वेगळी. ख्रिस्ती धर्मातल्या क्वेकर पंथाच्या लोकांना मार्स आणि जूनो ही परक्या देवांची नावे उच्चारणे पटेना, म्हणून ते पहिला महिना, दुसरा महिना असे लिहीत. सर्वांत मोठा प्रयत्न फ्रेंच राज्यक्रांतीने केला. १७९३ मध्ये त्यांनी महिन्यांना धुके, हिम, अंकुर, सुगी अशा अर्थाची नवी नावे दिली आणि आठवडा दहा दिवसांचा केला. ती नावे पॅरिसच्या हवेवर बेतलेली होती आणि सुट्टी सातव्याऐवजी दहाव्या दिवशी येई. १ जानेवारी १८०६ पासून नेपोलियनने जुने महिने परत आणले. आपल्याकडेही २२ मार्च १९५७ पासून भारताचे राष्ट्रीय सौर पंचांग आहे, मेघनाद साहांच्या समितीने शिफारस केलेले. तुम्ही ते छापताही. पण कुणी त्या तारखेने चेक लिहिताना मी पाहिलेले नाही.

आता मूळ मुद्द्यावर येते. या पत्रातली सर्वांत गरजेची गोष्ट ही आहे.

सीझरचे वर्ष खऱ्या सौर वर्षापेक्षा सुमारे ११ मिनिटांनी मोठे होते. १२८ वर्षांत एक दिवस, अशी चूक साठत गेली आणि इसवी सन ३२५ पासून मोजली तर सोळाव्या शतकापर्यंत ती दहा दिवसांवर गेली. १५८२ मध्ये पोप तेरावा ग्रेगरी याने दहा दिवस गाळले. ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर आला. पोर्तुगालने ते लगेच स्वीकारले. इंग्लंडने पोपचे ऐकले नाही आणि १७५२ पर्यंत सीझरचेच पंचांग चालवले. म्हणजे सतराव्या शतकात गोव्याचे पोर्तुगीज आणि सुरत-मुंबईचे इंग्रज एकाच दिवशी पत्र लिहायला बसले, तरी दोघांच्या तारखांत दहा दिवसांचे अंतर असायचे.

छत्रपती शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर हजर होता. आपण ६ जून १६७४ म्हणतो, ती तारीख त्याच्या पद्धतीची, म्हणजे ज्युलियस सीझरची, ज्युलियन. ग्रेगरी पद्धतीने तो दिवस १६ जून होतो. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी आणि शनिवार या दोन्ही गोष्टी तेव्हाच जुळतात. तसेच १९ फेब्रुवारी १६३०. फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार. ग्रेगरी पद्धतीने तो १ मार्च १६३०. त्यातही इंग्रजांचे नवे वर्ष तेव्हा २५ मार्चला लागे, म्हणून त्या काळच्या इंग्रजी कागदांत तो फेब्रुवारी १६२९ चा ठरला असता.

मी हे जयंती किंवा राज्याभिषेक दिन बदला म्हणून सांगत नाही. ज्या दिवशी लोक गडावर जातात तो दिवस त्यांचा. पण आज कुणीही मुलगा मोबाइलवर ६ जून १६७४ ही तारीख टाकून तिथी काढू शकतो. ते गणित ग्रेगरी पद्धतीने झाले तर त्रयोदशीऐवजी तृतीयेच्या आसपासची तिथी येते. मग तो समजतो की बखरी चुकल्या, इतिहासकार चुकले, नाहीतर कुणीतरी मुद्दाम खोटे सांगितले. अशी भांडणे मी वाचली आहेत, त्यांत एकमेकांच्या निष्ठेवर शंका घेतलेली पाहिली आहे, आणि मला त्याचे फार वाईट वाटते. एका ओळीने हे थांबेल. दिनविशेषात १७५२ पूर्वीच्या इंग्रजी तारखेपुढे 'ज्युलियन' एवढा शब्द छापा आणि वर्षाच्या पहिल्या पानामागे त्याचा खुलासा द्या. तुमच्याकडे पंचांगाचे गणित जाणणारी माणसे आहेत. त्यांना हे एका दुपारचे काम आहे.

वारांबद्दल एकच गोष्ट सांगते. रविवार, सोमवार, मंगळवार हा क्रम ग्रीक-रोमन जगातल्या ज्योतिषातून जगभर गेला. शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र असे ग्रह एकेका तासाला वाटत गेले की पंचविसावा तास ज्याचा येतो, त्याचा दुसरा दिवस. तुमच्या पंचांगातला होरा हाच, आणि शब्दही ग्रीक. आपल्याकडे वाराचा सर्वांत जुना ज्ञात कोरीव उल्लेख मध्य प्रदेशातल्या एरणच्या स्तंभावर आहे, इसवी सन ४८४ चा, सुरगुरूचा दिवस म्हणजे गुरुवार. एकच ग्रह, पण रोममध्ये शुक्र ही प्रेमाची देवी आणि आपल्याकडे असुरांचा गुरू. रविवारी कचेऱ्या आणि कारागिरांची कामे बंद ठेवण्याचा हुकूम रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२१ मध्ये काढला. शेतकऱ्यांना त्यातून सूट दिली. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळायला १० जून १८९० उजाडला, आणि ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी लढून मिळवली. रविवार हा खंडोबाचा वार, त्यामुळे कामगारांच्या घरी तो परका नव्हताच. दहा जूनच्या चौकोनात लोखंड्यांचे नाव छापाल का? तिथे कितीतरी बारीकसारीक गोष्टी मावतात.

आणखी एक, माझ्या सासूबाईंसाठी. कॅलेंडर हा शब्द कालेंडे या लॅटिन शब्दावरून आला. कालेंडे म्हणजे महिन्याचा पहिला दिवस, व्याज आणि उधारी चुकती करण्याचा. कालेंडारियम म्हणजे सावकाराची खातेवही. सासूबाईंना हे माहीत नव्हते, पण दुधाचे खाडे, वाण्याची उधारी आणि कुणाकडून किती येणे आहे हे त्या ज्या कागदावर मांडत होत्या, त्याचा मूळ उपयोगच तो होता. त्या चौकोनांत लिहिण्यापुरती जागा तुम्ही अजून ठेवता, त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. हल्ली काही दिनदर्शिकांत ती जाहिरातींनी भरते. तसे करू नका.

बारा महिन्यांवर बारा छोटे मजकूर मी लिहून ठेवले आहेत, प्रत्येकी दीडशे शब्दांच्या आतले. मे महिन्यात रोमन लोक लग्न करणे टाळायचे, एप्रिलच्या नावाबद्दल खुद्द रोमनांचेच एकमत नव्हते, अशा गोष्टी त्यांत आहेत. ज्यांना हवे असतील त्यांनी वापरावेत, तपासून घ्यावेत, कापावेत. मानधन नको, नावही नको. एकच विनंती आहे. मालिका जानेवारीच्या पानावर सुरू करू नका. ती मार्चच्या पानावर सुरू करा आणि फेब्रुवारीत संपवा, म्हणजे सप्टेंबरचे पान उलटताना घरातले पोर बोटांवर मोजेल आणि सातच्या आकड्यावर थांबेल.

आपली नम्र,
इतिहासाची एक निवृत्त शिक्षिका